अठरा तासांचा हिशेब

14 एप्रिलच्या, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीच्या आसपास महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. सकाळी प्रतिमेला हार, दोन-तीन भाषणं, मग रात्री उशिरापर्यंत मान खाली. मधे चहा, जेवण, सह्या, शेवटी प्रमाणपत्र. लांबून हा सोपस्कार वाटतो. पण भर दुपारी, उकाडा आणि डुलक्या दोन्ही जोरात असताना, ती खोली खरोखर वाचत असते. बहुतेक स्पर्धा परीक्षावाले, पीएच.डी.वाले ओळखू येतात ते समोरच्या प्रिंटआउटवरून. कोपऱ्यातल्या एका संशोधक मुलीसमोर तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा आहे. गाईडच्या पेन्सिलीच्या खुणा पहिल्या पानापासून दाट, आणि अकराव्या पानानंतर एकही नाही. पुढचा गठ्ठा कोरा. तिची नजर फिरून फिरून त्या अकराव्या पानाशीच येते.

बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत, मग तुम्हाला काय धाड भरली, असा भाषणांचा एकूण सूर. अठरा हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच चरित्रातले बाकीचे आकडे मात्र कोणी काढत नाही. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा कोलंबिया विद्यापीठ शक्य झालं. 1917 मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. जिद्द काय त्या वर्षी आटली होती? 1920 मध्ये ते परत गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज जमल्यावर. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1922 मध्ये दिला, परीक्षकांनी तो बदलांसाठी परत केला आणि 1923 मध्ये तो मान्य झाला. पुस्तकाला प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रा. एडविन कॅनन यांनी त्यातच आपले मतभेद नोंदवले आहेत. मतभेद व्हायला आधी वाचावं लागतं! अठरा तास बसण्याची ताकद बाबासाहेबांची स्वतःची होती, यात वादच नाही. पण ते तास त्यांना शिष्यवृत्तीने, कर्जाने आणि वाचणाऱ्या माणसांनी मोकळे करून दिले होते.

यावर लोक म्हणतात, इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना कुठे फेलोशिप होती? खरं आहे, पदरमोड करून ते दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. पण 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढण्याची गरज त्यांनाही वाटली, कारण सापडलेलं कोणाला तरी दाखवावं लागतं, त्यावर भांडावं लागतं. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: पैसे घेऊन वर्षानुवर्षं एक ओळ न लिहिणारेही आहेतच. आहेत. 2023 च्या डिसेंबरात विधान परिषदेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असं विचारलं, त्यामागे हाच संशय असावा. पण हे ऐकणाऱ्यांत राज्याची फेलोशिप मिळावी म्हणून आझाद मैदानात बसलेली मुलंही होती. जेआरएफचे महिन्याला 37,000 हातात पडणारा आणि फेलोशिपच्या यादीकडे डोळे लावून बसलेला, दोघांना एकच अठरा तासांचं भाषण ऐकवणं मला तरी अन्यायाचं वाटतं. चौथ्या वर्षी उमेद खचते ती बहुधा आळसाने नाही; लिहिलेलं कुठे पोचतच नाही, म्हणून.

2022 च्या यूजीसी नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सहा वर्षांची मुदत घातली आहे, दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायला लावलं आहे. गाईडने हातात आलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून द्यायचं, याला मात्र मुदत नाही. ती विद्यापीठांनी आपल्या पातळीवर ठरवावी. महिनाभर पुरे आहे.