मुलाच्या हट्टाची काचपेटी : आधी महिनाभर धीर, मग मासे

परीक्षा संपल्या की मुलांचा हट्ट सुरू होतो, 'अब्बा, मासे आणा!' परभणीहून किंवा नांदेडहून येताना वडील काचेचा गोल बाऊल आणि पिशवीत दोन गोल्डफिश घेऊन येतात. आठवड्याच्या आत मासे उलटे तरंगतात, मूल रडते आणि बाऊल माळ्यावर जातो. गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाकडे फिरकत नाही. जवळा बाजारसारख्या बाजारपेठेत ज्या तरुणाला हा जोडधंदा सुरू करावयाचा आहे, त्याने हे नुकसान आधी समजून घ्यावे.

मासे मरतात कशाने?

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही घातकच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट बनवितात, जे बरेच निरुपद्रवी असते. नव्या पेटीत हे जिवाणू नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजवर व खड्यांवर वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

पेटी कशी मांडावी?

बाऊल नको. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटी घ्यावी. तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन ५६ किलो. टेबल मजबूत व सपाट हवे, पेटीखाली थर्माकोल घालावा. खिडकीच्या उन्हात ठेवू नये, पाणी हिरवे होते. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. ते पाणी एक दिवस उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालविणारे औषध वापरावे. बोअरचे पाणी जड असले तरी गप्पी व मोली यांना ते मानवते.

फिल्टर सुरू करून रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया होतो व जिवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्याकडे जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्यातील स्पंजचा तुकडा आणावा, काम लवकर होते. तपासणी किटवर अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागले, की पेटी तयार झाली.

मासे सोडताना

प्रथम तीन-चार गप्पीच सोडावेत. डासांच्या अळ्या खाणारा हा मासा हिवताप मोहिमेमुळे आपल्या गावोगावी परिचित आहे. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगू द्यावी, थोडे थोडे पेटीचे पाणी तिच्यात घालावे, मग फक्त मासे सोडावेत. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. हे काम मुलाकडे सोपवावे, पण डबा मोठ्यांनी ठेवावा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज खळबळावा. नळाखाली धुतल्यास जिवाणू मरतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो. म्हणून मासे मोजकेच ठेवावेत आणि वीज जाण्याची सोय म्हणून बॅटरीचा एअर पंप ठेवावा.

नको झालेले मासे नदी-तलावात सोडू नयेत. उजनी जलाशयात शिरलेला सकर मासा आज मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.

धंद्याचे गणित

गिऱ्हाइकाला पेटी आज द्यावी, मासे महिन्याने. आजची विक्री थोडी कमी होईल. पण मासे जगले तर तेच गिऱ्हाईक खाद्य, औषध, झाडे व नवे मासे घ्यायला येत राहील. शोभिवंत माशांचे घरगुती संवर्धन करणाऱ्यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुदानाची तरतूद करण्यात आली. सध्याच्या अटी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचाराव्यात. मात्र कर्ज काढण्यापूर्वी स्वतःच्या घरी एक पेटी वर्षभर चालवून पाहावी. ज्याचे स्वतःचे मासे जगतात, त्याच्याच सल्ल्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते.