नाव, नमुना आणि खरी चिठ्ठी

मुलांनो, परवा शाळेच्या कुंपणावर विटकरी पंखांचा एक काळा पक्षी येऊन बसला. "बाई, भारद्वाज!" एक मुलगी ओरडली. "छे, हा तर कुंभारकावळा!" दुसरा म्हणाला. कोकणातून आलेला मुलगा म्हणतो कसा, "आमच्याकडे कुकुडकोंबा म्हणतात!" गंमत म्हणजे तिघांचंही बरोबर!

एका वर्गात ही तऱ्हा, तर जगभर किती गोंधळ होईल? म्हणून स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी १७५८ साली आपल्या ग्रंथात प्राण्यांना सरसकट दोन-दोन शब्दांची नावं दिली. पहिला शब्द आडनावासारखा, प्रजातीचा. दुसरा त्या जातीचा. आपला भारद्वाज झाला 'सेंट्रोपस सायनेन्सिस'. सायनेन्सिस म्हणजे चीनचा! आपल्या अंगणातला असला तरी नियम असा, की सर्वांत आधी रीतसर दिलेलं नाव टिकतं.

नवा प्राणी सापडला, की शास्त्रज्ञ त्याचं बारीक वर्णन छापतात, नाव देतात आणि एक नमुना संग्रहालयात ठेवतात. त्याला चिठ्ठी बांधलेली असते: कुठे मिळाला, कधी, कोणाला. ही चिठ्ठी फार मोलाची, बरं का!

आपल्या रानपिंगळ्याचीच गोष्ट ऐका. हे छोटं घुबड १८७२ साली आजच्या छत्तीसगडात ब्लेविट यांना मिळालं. पुढच्या वर्षी अॅलन ह्यूम यांनी त्याचं नाव ठेवलं, 'ब्लेविटाय'. १८८४ नंतर मात्र ते कोणाला सापडेना. रिचर्ड माइनर्ट्झहॅगेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, १९१४, गुजरात. पण ती चिठ्ठी खोटी! पक्षी जुनाच, संग्रहालयातून लांबवलेला. शोधणारे मात्र त्या चिठ्ठीने भलतीकडे गेले.

पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली. त्यांनी फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं निवडली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, तब्बल ११३ वर्षांनी, आपल्या खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना दिसला! झाडावर, जिवंत!

पाहिलंत ना? एका खोट्या ओळीने वाट चुकवली, खऱ्या ओळींनी ती दाखवली. तुम्हीही पक्षी पाहाल तेव्हा वहीत तारीख आणि जागा लिहा. नाव येत नसेल तर ती जागा कोरी सोडा, पण मनचं काही लिहू नका. नाव काय, नंतरही विचारता येईल!