रेडिओतली खरखर येते कुठून?



काढलेला कांदा वावरात सुकत पडला आहे. रेडिओवर हवामानाचा अंदाज लागतो, अन् नेमकं पावसाचं सांगताना सेटमधून खर्रर्र! ताडपत्री टाकायची की सकाळी गाडी भरून लासलगावच्या बाजार समितीत न्यायची, हे ठरवायचं कसं? आपण रेडिओला दोष देतो. पण पुष्कळदा चोर घरातच असतो.

एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, संगणक, सौर पंपाचा कंट्रोलर ही यंत्रे आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. त्यातून रेडिओलहरी निघतात. चांगल्या यंत्रात त्या अडवणारी गाळणी असते. हलक्या मालात ती पुष्कळदा नसते. मग घरातली वायरच एरियलचं काम करते. मीडियम वेव्हवर हा त्रास जास्त, एफएमवर कमी.

यावर नियमही आहेत. अमेरिकेत संगणकांमुळे रेडिओ-टीव्हीत अडथळे येऊ लागले, तेव्हा १९७९ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने अशा लहरींवर मर्यादा घातली. आपल्याकडे आय.एस. ६८७३ हे मानक आहे. पण घरातला चोर आपणच शोधायचा. तो असा:

१. सेट सेलवर चालवा आणि घरातला मेन स्विच बंद करा. खरखर थांबली, तर दोष घरातच. मेन चालू करून एकेक वस्तू लावून पाहा.

२. मीडियम वेव्हचा एरियल सेटच्या आत असतो. सेट जागेवरच हळूहळू फिरवा. खरखर कमी होईल तिथे थांबा.

३. सेकंदा-सेकंदाला टक्-टक् वाजत असेल, तर कुंपणाचं झटका मशीन पाहा. तारेला गवत लागून ठिणगी पडत असेल. मशीन बंद करूनच गवत काढा.

४. मेन बंद करूनही खरखर चालू असेल आणि डीपी किंवा विजेच्या खांबाकडे जाताना वाढत असेल, तर जोड सैल असेल किंवा इन्सुलेटर तडकला असेल. खांबाला हात लावू नका. वायरमनला सांगा किंवा महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवा. अशी ठिणगी वाळल्या पिकाला आगही लावू शकते.

दोषी बल्ब बदलावा. चार्जर निदान बातम्यांपुरता काढून ठेवावा आणि सेट वायरपासून लांब ठेवावा. एवढं केलं, तरी अंदाज स्वच्छ ऐकू येईल, अन् ताडपत्री वेळेवर पडेल.