जुन्या फियाटच्या पायदानाला गंज लागलाय? घरी काय करायचं आणि काय नाही

कंपू (ग्वाल्हेर) : दसरा आला की वाड्यातली जुनी गाडी बाहेर निघते. धुणं-पुसणं होतं, हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार चढतो आणि पोरांना घेऊन गाडी एक चक्कर मारून येते. आमच्या घरच्या फियाटची अशीच एक चक्कर गल्लीच्या तोंडाशी थांबली. मागचं चाक पंक्चर झालं म्हणून जॅक लावला, पण गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच दाराखालच्या पायदानात घुसला. खाली पडला तो गंजाचा चुरा, लांबीचे पापुद्रे आणि चक्क वर्तमानपत्राचा बोळा. काही वर्षांपूर्वी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. वरचा रंग आजही चकाचक आहे!

मागच्या सीटवर तेव्हा काकू आणि तीन मुलं बसली होती. जॅक घुसला तो गल्लीत, गाडी उभी असताना, म्हणून निभावलं. हायवेवर धडक झाली असती तर त्या लांबीने आणि कागदाने कुणाला वाचवलं असतं?

ग्वाल्हेर, इंदूर, बऱ्हाणपूरपासून बेळगाव, निपाणी, कारवारपर्यंत अनेक मराठी घरांत आजोबांची गाडी अजून जपून ठेवलेली असते. तिचा गंज घरी काढता येतो का? बराचसा येतो. पण कुठे थांबायचं, हे आधी कळलं पाहिजे.

पायदान म्हणजे नुसती पायरी नव्हे

जीपला खाली वेगळी लोखंडी चौकट असते. बॉडी गंजली तरी भार त्या चौकटीवर असतो. फियाटचं तसं नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून निघालेली फियाट ११०० डिलाइट, जिला १९७४ मध्ये 'पद्मिनी' नाव मिळालं, तिची बॉडी हीच तिची चौकट. वेगळं चेसिस नाही. अ‍ॅम्बेसेडरही त्याच जातीची.

अशा गाडीत दाराखालची लांब पोकळ पेटी, म्हणजे मिस्त्री ज्याला पायदान म्हणतात ती, पुढच्या आणि मागच्या भागाला जोडून धरते. फ्लोअर, दाराचे खांब, मागच्या पाट्यांच्या कड्या बसतात ती जागा, स्टिअरिंग बॉक्सची जागा, सीट आणि बेल्टचे बोल्ट, हे सगळं मिळून गाडीचा सांगाडा होतो. मडगार्डला भोक पडलं तर गाडी वाईट दिसते. सांगाड्याला पडलं तर गाडी कमजोर होते.

ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी तपासणी होते. तिथे ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीट बेल्ट जिथे बसतात त्या जागांपासून ३० सेंटिमीटरच्या आत जोर घेणारा पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास होते. फायबर किंवा लांबीचं ठिगळ तिथे चालत नाही. आपल्याकडे असा नियम कुणी दाखवत नसला, तरी घरच्या तपासणीला हे ३० सेंटिमीटरचं माप उत्तम आहे.

कोरड्या ग्वाल्हेरात गंज येतो कुठून?

कोकण-गोव्याच्या वाचकांना खाऱ्या हवेचा गंज माहीत आहे. इकडे समुद्र नाही, पण मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. दारांचे रबर कडक होऊन तडकतात, खालचा डांबराचा लेप फुटतो. मग जुलै ते सप्टेंबरच्या पावसात त्याच भेगांतून पाणी आत जातं. चाकांनी उडवलेला चिखल पायदानात साठतो आणि पाणी निघायची भोकं बुजतात. बाहेरून गाडी चार दिवसांत कोरडी होते, आतला चिखल मात्र ओल धरून राहतो. म्हणून हा गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच गेलेला असतो.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या जोडात तो फुगतो, जोड उकलतो आणि पाण्याला आणखी वाट मिळते. वरून रंग मारून हे थांबत नाही.

आधी तपासणी

यासाठी लागतं ते घरातच असतं: लोहचुंबक, पेचकस (महाराष्ट्रात स्क्रूड्रायव्हर म्हणतात), छोटी हातोडी आणि टॉर्च.

• चुंबक पातळ कापडात गुंडाळून पायदानावर फिरवा. जिथे धरत नाही तिथे खाली जाड लांबी आहे.
• हातोडीने हलकेच वाजवा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो.
• मॅट आणि गालिचा पूर्ण काढा. फ्लोअरच्या कडा, पेडलखालची जागा आणि डिकीचे कोपरे पेचकसने दाबून बघा. पेचकस आत गेला तर तो पत्रा संपला.
• जॅक भक्कम जागी लावून गाडी किंचित उचला आणि दार उघड-बंद करा. एरवी नीट लागणारं दार आता अडकत असेल तर सांगाडा वाकतोय. इथे घरचं काम थांबवा.

घरी करण्यासारखं

पहिली गोष्ट, गाडी विटांवर किंवा अंगणात पडलेल्या फर्शीच्या तुकड्यांवर चढवू नका. वीट न सांगता फुटते, दगड सरकतो. भक्कम लोखंडी घोड्या घ्या, त्या सपाट जमिनीवर ठेवा, बाकीच्या चाकांना अडण लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

पायदानाखालची भोकं तारेने मोकळी करा, चिखल पाण्याने धुऊन काढा आणि गाडी चांगली वाळू द्या. सुटा गंज तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने काढा. चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क हवाच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे ती धूळ मुलांपासून लांब ठेवा आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

पत्रा शाबूत असेल आणि गंज वरवरचा असेल तर गंज बदलणारं रसायन लावा. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल उरलेल्या गंजाचा स्थिर थर करतं. मग प्रायमर, मग रंग. पण या बाटलीने गेलेली जाडी परत येत नाही. चाळणी झालेल्या पत्र्यावर ते लावणं म्हणजे पैसे वाया.

इकडे जुनी सवय आहे, गंजावरच डांबर किंवा जळकं इंजिन ऑइल फासायचं. ओलीवर डांबर चढलं की ओल आतच कोंडते. जळकं ऑइल रबर खराब करतं आणि नंतर वेल्डिंग करताना पेट घेतं.

पत्रा बदलायचा असेल तर

वेल्डिंगचा हात नसेल तर इथून पुढचं मिस्त्रीकडे द्या. पण कसं व्हायला पाहिजे ते माहीत असू द्या, म्हणजे समोर उभं राहून करून घेता येईल.

आधी बॅटरी सोडवायची, पेट्रोलची टाकी उतरवायची, आसपासच्या सीट, गालिचे आणि वायरी काढायच्या. पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा. काम संपल्यावर निदान तासभर गाडीपाशी थांबायचं, कारण आतला फोम किंवा कापूस नंतर धुमसू शकतो.

पायदान कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा आधार पक्का करायचा. दाराच्या फटी मापून लिहून ठेवायच्या. गाडीचा भार चाकांच्या जवळच्या पक्क्या जागांवर ठेवायचा आणि एका वेळी एकच बाजू कापायची. हे केलं नाही तर नवा पत्रा वाकड्या गाडीवर बसतो आणि दार कायमचं लागत नाही.

गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. मापासाठी मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा पुरतो. नवी चद्दर, म्हणजे तिकडचा पत्रा, मूळ जाडीचीच हवी. फ्लोअरला साधारण २० गेज (०.९ मिमी) आणि जोर घेणाऱ्या जागी १८ गेज (१.२ मिमी) चालते, तरी चांगला उरलेला भाग मापून खात्री करा. साधी सीआर शीट घ्या. जस्त चढवलेला जीआय पत्रा स्वस्तात मिळतो, पण वेल्ड करताना त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

साध्या रॉडच्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळून भोकं पडतात. तारेचं मिग वेल्डिंग (मिस्त्री सीओटू म्हणतात) बरं, ०.६ किंवा ०.८ मिमी तारेचं. आधी लांब-लांब टाके, मग मधले, आणि मध्ये थंड व्हायला वेळ. सलग ओढलं तर चद्दर उष्णतेने वळते. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे ६ ते ८ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरतात. जुन्या गंजावर नुसता तुकडा चिकटवला तर दोन्हींच्या मध्ये पुन्हा पाणी बसतं.

शेवटी जोडांवर सीलर, प्रायमर आणि रंग, आणि पोकळीच्या आत भोकांतून मेणाचा फवारा. वेल्डच्या आतल्या बाजूचा रंग जळालेला असतो. मेण राहिलं तर गंज तिथूनच सुरू होतो. पाण्याची भोकं मात्र मोकळी ठेवा.

कागदांचंही बघा

अशा गाडीचा चेसिस नंबर बॉडीवरच कोरलेला असतो. आरसीच्या नूतनीकरणाला तो बघतात, त्याचं पेन्सिलने प्रिंट घेतात. त्या जागेवर ग्राइंडर लावू नका. तोच पत्रा बदलायची वेळ आली तर आधी आरटीओत विचारा.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झाली असतील तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. म्हणून पायदानाच्या जागी चौकोनी पाइप ठोकण्याआधी विचार करा. कामाआधीचे, कापल्यानंतरचे आणि नव्या पत्र्याचे फोटो काढून ठेवा, बिलं जपा.

आमच्या फियाटचं काय झालं

गाडी दाखवायला नेली तेव्हा पहिला डेंटर म्हणाला, "काका, टेन्शन काय घेता, जाळी लावून लांबी भरून देतो, दसऱ्याला एकदम नवी." काका म्हणाले, "भाऊ, तेच तर आधीच्याने करून दिलं होतं न!"

दुसऱ्या मिस्त्रीने आधी चुंबक फिरवलं, मग गाडी उचलून दार लावून पाहिलं आणि सांगितलं की दोन्ही बाजू बदलाव्या लागतील, घाई करू नका. त्या वर्षी फियाट दसऱ्याला घोड्यांवरच होती. काकूंनी हार तिथेच चढवला. मुलं रुसली, पण गाडीत कुणी बसलं नाही.

तुमच्या अंगणातल्या गाडीपाशी या रविवारी चुंबक घेऊन जा. पाऊस सुरू व्हायच्या आत कळलं तर भोक छोटं असेल.