धुऱ्यावर जळणारे इंधन

वनस्पतींपासून मिळणारे इंधन म्हणजे जैवइंधन. हा शब्द ऐकला की ऊस आणि इथेनॉल आठवते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. पण मंगरूळपीर तालुक्यातील शेतकऱ्याची भिस्त सोयाबीन, तूर आणि कपाशीवर. त्याच्या वाट्याला या इंधनातून काय येणार?

२००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंड सुचवला होता. पडीक जमिनीत झाडे लावायची आणि बियांच्या तेलापासून बायोडिझेल करायचे, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात हलक्या, कोरडवाहू जमिनीत बी अपेक्षेपेक्षा फार कमी आले. २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रण करण्याचे २००९ च्या धोरणातील उद्दिष्टही बायोडिझेलला गाठता आले नाही. इंधनासाठी नवे पीक घेण्याआधी हाती काय आहे ते पाहावे, हा त्यातला धडा.

आपल्या हाती पऱ्हाटी आणि तुराटी आहे. एक हेक्टर कपाशीतून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. थोडी चुलीत जाते, उरलेली बहुधा धुऱ्यावर पेटवली जाते. मोकळी पऱ्हाटी हलकी, पण जागा फार व्यापते. म्हणून ती दूर नेणे परवडत नाही. यावर उपाय म्हणजे तिच्या कांड्या करणे.

पऱ्हाटी वाळवून बारीक करतात. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आला की भुसा यंत्रात जोराने दाबतात. दाबामुळे तो तापतो आणि काडीतील लिग्निन हा घटक मऊ होऊन डिंकाचे काम करतो. वेगळा चिकट पदार्थ लागत नाही. अशा किलोभर कांडीतून साधारण साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. हलक्या प्रतीचा दगडी कोळसाही जवळपास तेवढीच देतो, पण त्याची राख कितीतरी अधिक. कांडी कारखान्यांच्या बॉयलरमध्ये चालते. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात जैविक इंधनाच्या गोळ्या मिसळाव्यात, असे केंद्राचे २०२१ चे धोरण आहे.

दुसरा लाभ पिकाचा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले. ही अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या कवड्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. पऱ्हाटी वेळेवर उपटून तिचा भुसा केला, तर तिचा आसरा मोडतो. नुसती गंजी लावून ठेवली, तर मात्र नाही.

तरीही सगळेच विकू नये. सोयाबीनचे कुटार आधी गुरांचे आणि पालापाचोळा जमिनीचा. शिवाय उपटण्याची मजुरी आणि गाडीभाडे मिळणाऱ्या भावापेक्षा जास्त झाले, तर हा व्यवहार तोट्याचा. म्हणून भुसा करण्याचे यंत्र गावाजवळ हवे. शेतकरी गटांनी भाव, वजन आणि वाहतूक कोणाकडे, हे पऱ्हाटी उपटण्याआधीच ठरवून घ्यावे. काडेपेटी काढण्यापूर्वी एवढा हिशेब मांडायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)