मावा, मुंगळा आणि ढालकिडा

दिवाळी सरते, थंडी पडायला लागते, मध्येच दोन-चार दिवस आभाळ भरून येतं आणि बागेत मावा दिसू लागतो. शेवंतीच्या कळ्यांखाली काळपट तपकिरी, जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळट हिरवा, गुलाबाच्या कळीच्या देठावर पोपटी, वालाच्या आणि चवळीच्या शेंगांवर काळा कुळकुळीत. पाहणारा धास्तावतो, दुकानात जाऊन जालीम औषध आणतो आणि मारतो. आठ दिवस बरे जातात. मग मावा पुन्हा येतो, तोही पहिल्यापेक्षा जास्त. दोष औषधाच्या कंपनीचा नसतो, झाडाचाही नसतो. गोष्ट माव्याच्या जगण्याच्या रीतीत आहे आणि त्यावरचा उपायही तिथेच आहे.

मावा वाढतो कसा

एक साधं भिंग घ्या आणि जास्वंदीचा शेंडा हलक्या हाताने उलटा करा. दीड-दोन मिलिमीटरचे मऊ किडे दाटीवाटीने बसलेले दिसतील. तोंड देठाला टेकलेलं, मागची बाजू किंचित उचललेली, आणि तिथे दोन बारीक नळ्या. बागेतल्या बहुतेक माव्यांची ही खूण. पिठ्या ढेकूण पांढऱ्या कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो, पांढरी माशी झाड हलवलं की भुर्रकन उडते. मावा मात्र ढिम्म बसून राहतो. खालच्या पानांवर पांढरे भुरभुरीत पापुद्रे पडलेले असतात. ती बुरशी समजून अनेक जण बुरशीनाशक मारतात. प्रत्यक्षात ती माव्याने टाकलेली कात असते.

माव्याची सुईसारखी सोंड झाडाच्या रसवाहिनीत रुतलेली असते. या रसात साखर भरपूर, पण शरीर वाढायला लागणारी नत्रयुक्त द्रव्यं फार थोडी. ती पुरेशी मिळावीत म्हणून मावा भरमसाट रस पितो आणि जादा साखर गोड चिकट थेंबांच्या रूपात मागून टाकून देतो. पानं चिकट होतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पानाला ऊन मिळेनासं होतं. सोलापूरकडचा ज्वारी पिकवणारा शेतकरी ‘चिकटा पडला’ म्हणतो, तो हाच प्रकार.

आपल्याकडच्या हवेत मावा बहुतेक वेळा नराशिवायच वाढतो. मादी थेट जिवंत पिल्लं देते, रोज तीन-चार, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच तयार होऊ लागलेले असतात. साधारण आठवड्याभरात पिल्लू स्वतः आई होतं. गर्दी वाढली किंवा झाड सुकू लागलं, की पंख असलेल्या माद्या जन्माला येतात आणि शेजारची कुंडी गाठतात. म्हणजे औषधाने शंभरातले नव्वद मेले, तरी उरलेले दहा पंधरवड्यात तूट भरून काढतात.

आपल्या बाजूचे

माव्याला खाणारे बागेत फुकट येतात. अडचण एवढीच, की ते थोडे उशिरा येतात आणि आपल्याला ते ओळखू येत नाहीत. ढालकिडा, म्हणजे लाल-नारिंगी पाठीवर काळ्या खुणा असलेला लेडीबर्ड बीटल, सगळ्यांना ठाऊक असतो. त्याची अळी मात्र लांबट, काळसर, अंगावर नारिंगी किंवा पिवळट ठिपके असलेली आणि दिसायला भयानक असते. मावा खाण्यात ती मोठ्या ढालकिड्याला हार जात नाही. वाढीच्या काळात शेकडो मावे फस्त करते. घरोघरच्या बागांत नेमकी तीच ‘नवी कीड’ म्हणून चिरडली जाते. पानाच्या खाली उभ्या मांडलेल्या पिवळ्या अंड्यांचा झुबका दिसला, तर तो तिचाच.

क्रायसोपा या मित्रकीटकाची अंडी केसासारख्या देठावर एकेकटी उभी असतात. सिरफिड माशीची अळी बिनपायाची, हिरवट, चिकट; माव्यांच्या घोळक्यात ती आंधळेपणाने चाचपडते आणि सापडेल त्याला सोंडेत पकडून शोषून टाकते. काही मावे फुगून सोनेरी तपकिरी झालेले, जागीच वाळलेले दिसतात. त्यांच्या आत बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. पाठीला गोल भोक दिसलं, तर ते बाहेर पडून कामालाही लागलं आहे.

ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. जालीम औषध मावा आणि ढालकिडा दोघांनाही मारतं, पण मावा आधी सावरतो. दुसऱ्या खेपेला त्याला अडवणारं कोणी उरलेलं नसतं. फवारणीनंतर मावा वाढतो तो यामुळे.

महाराष्ट्राने हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला आहे. 2002 च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा दिसला आणि बघता बघता तो पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरला. पानांची खालची बाजू पांढरी, खालची पानं काळी. डोक्याच्या वर गेलेल्या दाट उसात शिरून फवारायचं कसं, हाच प्रश्न होता. शेवटी कामाला आले ते मित्रकीटक: डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा कीटक. संशोधन संस्थांनी आणि साखर कारखान्यांनी ते वाढवून शेतांत सोडले, आणि जिथे ते टिकले तिथे विषारी फवारण्या थांबवण्याचा सल्ला दिला गेला. लोकरी मावा संपला नाही, पण त्याची दहशत संपली. हजारो एकरांवर जे जमलं, ते वीस कुंड्यांत नक्की जमतं.

क्रमाने काय करावं

पहिला उपाय पाण्याची धार. सकाळी नळीच्या तोंडावर बोट दाबून पानांच्या खालून जोराची धार मारावी, शेंड्याला मागून दुसऱ्या हाताचा आधार द्यावा. खाली पडलेल्या माव्यांतले फार थोडे परत झाडावर चढू शकतात. एक दिवसाआड तीन-चार वेळा हे केलं, की गुलाब आणि जास्वंदीचं बहुतेक काम भागतं. शेंडा पार गुरफटला असेल तर खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावा. मात्र त्यावर सोनेरी मेलेले मावे किंवा पिवळी अंडी नाहीत ना, हे आधी पाहावं.

दुसरं काम मुंगळ्यांचं. गोड थेंबांसाठी मुंगळे माव्याची राखण करतात, ढालकिड्याच्या अळीला हुसकावून लावतात. खोडाला कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं, की त्यांची वाट बंद होते. ग्रीस थेट सालीवर लावू नये, आणि फांदी भिंतीला टेकू देऊ नये. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची असेल, तर पाण्यात थोडा साबण घालावा, नाहीतर माव्याच्या जागी डेंगीचे डास पाळले जातील.

एवढ्यानेही भागलं नाही तर निंबोळी. 50 ग्रॅम निंबोळी पूड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी आणि एकूण एक लिटर पाणी करावं. हाच शेतकऱ्यांचा 5 टक्के निंबोळी अर्क. तयार कडुनिंबाचं तेल असेल तर लिटरला 5 मिली पुरे, पण तेल आधी रिठ्याच्या पाण्यात किंवा द्रव साबणात नीट घोटून घ्यावं, नाहीतर ते वर तरंगतं आणि पानं करपतात. यातला अझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी उन्हं उतरल्यावर, केलेला अर्क त्याच दिवशी संपवून. मावा लगेच मरून पडणार नाही. त्याचं खाणं आणि कात टाकणं बिघडतं, त्यामुळे चार दिवस वाट पाहावी. नुसतं साबणाचं पाणी ज्या माव्यावर पडेल त्यालाच मारतं. कपड्यांची पावडर पानांवरचा मेणाचा थर धुऊन काढते, म्हणून ती वापरू नये.

हवा दमट असेल तर कृषी सेवा केंद्रात मिळणारी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी संध्याकाळी लिटरला 5 ग्रॅम फवारावी. त्या आठवड्यात बुरशीनाशक मारू नये.

तंबाखूचं पाणी मात्र टाळलेलं बरं. निकोटिन हे जहाल विष आहे, ते कातडीतूनही अंगात जातं आणि मित्रकीटकांनाही सोडत नाही. शिवाय तंबाखूच्या पानातला मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. वनस्पतीपासून बनलं म्हणून एखादं द्रावण निर्धोक ठरत नाही.

मावा कमी यावा म्हणून

युरिया किंवा कोंबडीखत सढळ हाताने घातलं, की शेंडे लुसलुशीत फुटतात आणि मावा नेमका त्यांवरच बसतो. खत थोडं थोडं द्यावं. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची एखादी कुंडी न कापता फुलू द्यावी. मोठी सिरफिड माशी आणि बारीक गांधीलमाश्या त्या उघड्या, उथळ फुलांतल्या मधावर जगतात आणि अंडी घालायला माव्याकडे वळतात. कुंपणाच्या रुईवर काळ्या पायांचा पिवळाधमक मावा दिसला, तर त्याला हात लावू नका. तो रुई-कण्हेरीच्या कुळातल्या झाडांवरच जगतो, वालावर-मिरचीवर येत नाही, आणि ढालकिड्यांना मात्र तिथे पोटभर खायला मिळतं.

पपई या सगळ्या उपायांना अपवाद. मावा पपईवर वस्ती करत नाही, पण उडता उडता चाखून जाताना रिंगस्पॉट विषाणू सोडतो. त्याला काही क्षण पुरतात आणि कोणतीही फवारणी तेवढ्या वेळात त्याला अडवू शकत नाही. पानं चितारलेली, फळांवर कडी उमटलेलं झाड उपटून टाकावं.

बाकी झाडांसाठी क्रम ध्यानात ठेवा: आधी पान उलटून पाहणं, मग पाणी, मग मुंगळे, सर्वांत शेवटी निंबोळी. मित्रकीटक दिसले तर आठवडाभर हात आवरा. आणि या हिवाळ्यात कोथिंबिरीची एक तरी कुंडी भाजीसाठी न कापता फुलायला सोडा.