फॉर्म भरला, मग पैसे का आले नाहीत?

बारावीचा निकाल लागला की पेढ्यांचा बॉक्स संपायच्या आतच घरात हिशेब सुरू होतो. फी एवढी, हॉस्टेल एवढं, मेस एवढी. मामा म्हणतात, ‘‘स्कॉलरशिप मिळेल की!’’ लगेच दुसरं कोणी म्हणतं, ‘‘आपल्याला कुठली मिळतेय, त्याला नव्वद टक्के लागतात.’’ विषय तिथंच मिटतो. तो मिटायला नको, कारण महाराष्ट्रात कॉलेजच्या शिक्षणासाठी सरकारी पैशाची जी दारं उघडी आहेत, त्यांतल्या बहुतेकांवर टक्क्यांची पाटी लावलेलीच नाही.

सगळ्यात जुनं दार भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचं. कॉलेजच्या कार्यालयात तिला सरळ ‘जीओआय’ म्हणतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना 1944 साली सुरू झाली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल, तर विद्यार्थी पात्र ठरतो. उत्पन्न त्याहून जास्त असलं तरी सगळं संपत नाही. अशांसाठी राज्याची ‘फ्रीशिप’ आहे आणि तिच्यातून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क मिळतं. अडीच लाखांचा आकडा ऐकूनच मागे फिरलेली घरं कमी नाहीत. त्यांना ही दुसरी खिडकी कोणी दाखवलेलीच नसते.

गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती आहेच, पण तिथंही एक घोटाळा होतो. केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची योजना देशभरात दरवर्षी 82,000 नव्या विद्यार्थ्यांना मिळते. पदवीची पहिली तीन वर्षं वर्षाला 12,000 रुपये, उत्पन्नमर्यादा साडेचार लाख. अट 80 पर्सेंटाइलची. पुष्कळांना ते 80 टक्के वाटतात. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत आपला क्रमांक कुठे लागतो ते. निकाल कडक लागला असेल तर 80 पेक्षा बरेच कमी टक्के असलेला विद्यार्थीही वरच्या वीस टक्क्यांत बसतो. टक्के पाहून अर्जच न करणं म्हणजे निवड समितीच्या आधी स्वतःच स्वतःला बाद करणं.

‘‘आम्ही ओपनवाले, आम्हाला काय मिळणार?’’ हे वाक्य तर पार घट्ट बसलेलं आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खुल्या प्रवर्गासाठीही आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, अभ्यासक्रम व्यावसायिक हवा आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मग निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. इंजिनिअरिंगच्या फीपुढे निम्मी म्हणजे मोठी रक्कम आहे.

याच योजनेशी जोडलेला 2024 चा निर्णय गाजला आणि त्याच्याबरोबर गैरसमजही गाजला. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्म्याऐवजी पूर्ण शुल्काचा लाभ दिला. गावात बातमी पोचली ती ‘मुलींचं सगळं शिक्षण फुकट’ अशी. माफी आहे ती शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, बसचा पास हे घरच्यांनाच बघावं लागतं. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. हे आधी कळलं नाही तर फार महागात पडतं, कारण कॅपमध्ये थोडं लांबचं कॉलेज मिळालं म्हणून कोट्यातून जवळचं घेणारे पालक असतात आणि शुल्कमाफीचा हक्क त्या एका सहीने जातो. शिवाय ही माफी आपोआप लागत नाही. महाडीबीटी पोर्टलवर मुलीला अर्ज भरावाच लागतो.

फी सुटली तरी पोटाचा प्रश्न उरतोच. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सात दिवस सात घरी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ उभं केलं ते मुलांनी कुणाचं मिंधं राहू नये म्हणून. पुणे विद्यापीठात ही योजना आजही कर्मवीरांच्याच नावाने चालते. शिष्यवृत्ती मागायला लाजणाऱ्या घरांनी बाबासाहेबांची गोष्ट आठवावी. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची सेवा करायचा करार करून घेतला. मदत घेण्यात कमीपणा कुठेच नव्हता.

आज राहण्याजेवण्यासाठी ज्या योजना आहेत, त्यांतली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 पासून चालू आहे. सरकारी वसतिगृहात ज्यांना जागा मिळाली नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना तिच्यातून भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळतो. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत ती रक्कम वर्षाला 60,000 रुपये ठरली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. फीची शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे हाही भत्ता आला, असं मात्र होत नाही. त्याचा अर्ज वेगळा असतो आणि तो राहून गेला की मुलाचं वर्ष उधारीवर निघतं.

आता खरा अडथळा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तालुक्याच्या कुठल्याही ई-सेवा केंद्रात जाऊन उभं राहिलं तर तो दिसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत टी.सी., मार्कलिस्ट, रेशनकार्ड घेऊन बाप-लेक बाकावर बसलेले असतात. अर्ज मंजूर आहे, पैसे ‘सोडले’ असा मेसेज आहे, आणि पासबुकात नोंद नाही. ‘‘आधार तर बँकेला लिंक आहे,’’ वडील पुन्हा पुन्हा सांगतात. त्यांचं बरोबर असतं आणि तरीही गोम तिथंच असते. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि आधार ‘सीड’ होणं वेगळं. थेट लाभाचा पैसा खाते क्रमांकावर जात नाही, तो आधार क्रमांकावरून जातो. बँकांचे ऑनलाइन व्यवहार जुळवणाऱ्या एनपीसीआयच्या नोंदीत एका आधारला एकच बँक जोडलेली असते, ती म्हणजे सगळ्यात शेवटी जोडलेली. मुलाने मधेच मोबाइलच्या दुकानात सिमबरोबर एखाद्या पेमेंट्स बँकेचं खातं उघडलेलं असतं. अंगठा दिला, खातं झालं, विसरून गेला. शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते. शाळेत असताना काढलेलं खातं व्यवहार न झाल्याने गोठलं असेल, तर पैसा परतच जातो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहायला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं जूनमध्ये खर्च झाली तर सप्टेंबरमधल्या चार चकरा वाचतात.

दुसरी गोम ‘सबमिट’ या शब्दात. अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं, असं विद्यार्थ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाच्या लॉगिनमध्ये जातो, तिथून विभागाच्या कार्यालयात, मग बिल निघतं. एका दाखल्याचा फोटो पुसट आला, बापाच्या नावात ‘राव’ एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्याने तो ‘सेंड बॅक’ होतो. तो विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येऊन पडून राहतो. अर्ज भरताना नंबर केंद्रचालकाचा किंवा कुठल्यातरी मित्राचा दिला असेल, तर त्याचा मेसेजही विद्यार्थ्याला पोचत नाही. कॉलेजच्या लिपिकाशी चांगली ओळख असणं इथं फार उपयोगी पडतं. त्यांच्याकडे शेकडो अर्ज असतात. आठवड्याला एकदा खिडकीपाशी जाऊन ‘‘माझं कुठपर्यंत आलंय?’’ विचारणाऱ्याचं काम मागे पडत नाही.

कागदांची तयारी निकालानंतर करायची, हाही असाच एक महागडा समज. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावरून तहसीलदार देतात आणि नवं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला लागलं की नवा काढावा लागतो. नॉन क्रिमीलेअरच्या दाखल्यालाही मुदत असते. जात वैधता प्रमाणपत्राला तर महिने लागतात. म्हणून अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत प्रकरण जात पडताळणी समितीकडे गेलेलं बरं. जूनमध्ये सगळेच एकदम सेतू केंद्रावर येतात, तेव्हा सर्व्हरही दमतो आणि माणसंही.

राज्य सरकारबाहेरची दारंही आहेत. विद्यार्थिनींसाठी एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती तांत्रिक पदवी-पदविकेला वर्षाला 50,000 रुपये देते. पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यांतून आलेल्या मुलामुलींना राहण्याजेवण्याचा आधार देत आली आहे. परदेशी शिक्षणासाठी 1892 मध्ये स्थापन झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट आजही मदत करते, पण तिचं नाव ‘लोन स्कॉलरशिप’ आहे. ती फेडायची असते. ‘स्कॉलरशिप’ शब्द दिसला की फेड नाही, असं धरून चालू नये. बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्यांत एका वेळी एकच घ्यायची अट असते, तीही अर्जाआधी वाचावी. आणि ‘निवड झाली आहे, आधी प्रोसेसिंग फी पाठवा’ असा मेसेज आला तर तो सरळ फसवणुकीचा समजावा. शिष्यवृत्ती देणारा पैसे मागत नाही.

कर्जाचं नाव काढलं की ‘घर गहाण पडेल’ ही भीती पुढे येते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या हमी योजनेचं कवच आहे. त्यासाठी तारण लागत नाही, पालक सहकर्जदार म्हणून सही करतात. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या काळातलं व्याज केंद्राच्या अनुदानातून मिळू शकतं. मात्र बाकीच्यांसाठी व्याज पहिल्या हप्त्याच्या उचलीपासूनच साठत जातं. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात म्हणून व्याजही तेव्हाच सुरू होतं, असं नाही. जमेल तेवढं व्याज शिकत असतानाच भरत राहिलं तर नोकरीच्या पहिल्या वर्षी येणारा हप्ता बराच हलका होतो.

दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेताना पुष्कळ मुलं निर्धास्त असतात, कारण ‘आपली स्कॉलरशिप चालू आहे’. पोर्टलवर दरवर्षी रिन्यूअलचा अर्ज भरावा लागतो. मागच्या वर्षाचा निकाल आणि नवी फीची पावती जोडावी लागते. ती प्लॅस्टिकची पिशवी पदवी हातात पडेपर्यंत ठेवून द्यायची असते.